कोपऱ्यातल्या ट्रेलरची ऊब

२ डिसेंबर
नोकरी झकास आहे! शहराबाहेरचं हे मोठं आवार. सुट्टीत गाडीमागे ओढत न्यायची घरं, म्हणजे ट्रेलर, लोक हिवाळाभर इथे आणून ठेवतात. आत पलंग, ओटा, मोरी, सगळं भातुकलीतल्यासारखं चिमुकलं. प्रत्येक ट्रेलरच्या बॅटरीला एक डबी जोडली आहे. बॅटरी किती भरली आहे, आतला कुठला दिवा किंवा पंप चालू आहे, सांडपाण्याची टाकी किती भरली, आत गरम आहे की गार, दार उघडं आहे की बंद, हे सगळं ती डबी ऑफिसातल्या पडद्यावर कळवत राहते. मी खुर्चीत बसून लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं की वायरमनकाकांना हाक मारायची. एवढंच!
ताईला फोन केला तर मागून भावोजी ओरडले, की रिकाम्या घरांकडे बघायला पगारी माणूस, आणि इथे भरल्या घरात मला कुणी ढुंकून विचारत नाही. ताईने त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

५ डिसेंबर
सगळे ट्रेलर गाढ झोपलेत. कोपऱ्यातला एकच जागा आहे. त्याची वीज कधी बंद करायची नाही आणि आतला हीटर चालूच ठेवायचा, अशी मालकाची सूचना आहे. मालक म्हणजे एक म्हातारे घड्याळजी. रोज दुपारी त्यांचा फोन येतो. मला बाळ म्हणतात. विचारतात, बाळ, ऊब आहे ना गं? मी पडद्यावर बघून आहे म्हणते, मग सुस्कारा टाकून फोन ठेवतात. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून ही काळजी, असं काकांचं म्हणणं. बिचारे नवरा-बायको या ट्रेलरमधून खूप हिंडले म्हणे. आता बायको अंथरुणाला खिळली आहे, असं घड्याळजी सांगतात.

९ डिसेंबर
आज आवारात फेरी मारली. कोपऱ्यापाशी गेले आणि नाकाला ओढणी लावली. फुलदाणीतलं पाणी आठवडेच्या आठवडे बदललं नाही की येतो ना, तसा वास, पण गोडसर. एवढ्या कडाक्याच्या थंडीत त्याच एका ट्रेलरच्या झरोक्यावर माश्या. काळ्या, जाड, सुस्त. खिडकीची काच आतून घामेजलेली, आणि त्या घामाचे ओघळ पिवळट, तुपकट.
काका म्हणाले उंदीर मेला असेल. असेल. पण जेवण गेलं नाही. डब्याच्या झाकणावर एक माशी पाय चोळत बसली होती. डबा तसाच्या तसा फेकून दिला.

१२ डिसेंबर
सकाळी पडद्यावर कोपऱ्यातल्या ट्रेलरचा पंप चालू झाला. आत कुणीतरी नळ सोडल्याखेरीज हा पंप चालत नाही. बंद झाला. मग मोरीतला दिवा लागला. रिकामी असलेली सांडपाण्याची टाकी निम्मी भरली. दाराला आमचं सील जसंच्या तसं आहे. काका म्हणतात डबीचं डोकं फिरलंय.
दुपारी फोन आला तेव्हा घड्याळजींना हे सांगितलं. ते रडायलाच लागले. आनंदाने. म्हणाले, उठली का? उठली का गं ती?
माझ्या हातातून फोन सुटला.

१३ डिसेंबर
लिहवत नाही, पण मनात ठेवलं तर पुन्हा उलटी होईल.
काकांनी खाली बादली धरून टाकीची तोटी उघडली. पाणी आलंच नाही. राखाडी, दाट, कोमट लगदा गळायला लागला, थांबत, थांबत, नाक शिंकरल्यासारखा. त्यात केसांचा बोळा. शेवटी एक नख. लाल रंग लावलेलं. मुळाशी मऊ काहीतरी चिकटलेलं.
मी तिथेच ओकले. काकांच्या हातावर तो लगदा उडाला होता. त्यांनी साबण लावला, रॉकेल लावलं, वास जात नाही म्हणतात. सारखा हात हुंगतात आणि तोंड वाकडं करतात.
पोलिसांना कळवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. घड्याळजी घरात खुर्चीतच गेलेले सापडले. शेजारीण म्हणाली, त्यांची बायको उन्हाळ्यातच वारली, निदान तसं ते सांगत होते. अंत्यविधी कुणीच पाहिला नाही. उद्या येतो, तोवर कशाला हात लावू नका, असं पोलिसांनी बजावलंय.

१४ डिसेंबर, सकाळ
काकांना राहवलं नाही. कोपऱ्यातली लाइन तोडून आले. गारठ्यात वास तरी मरेल म्हणाले. हीटर बंद पडला. बाहेर दाट धुकं. पोलीस निघालेत, पण रस्ता दिसत नाही म्हणतात.
पंप चालू. बंद. दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. आत कुणीतरी एकेक बटण दाबून बघतंय. ऊब कशाने येते ते शोधतंय. बॅटरी उतरत चाललीय.

पडद्यावर दार उघडल्याची खूण. काका टॉर्च घेऊन गेले. मी नको म्हणत होते —

त्याच दिवशी
काका आले नाहीत. हाका मारल्या. फाटकाची किल्ली त्यांच्याच खिशात.
हीटर बंद आहे, तरी पडद्यावर त्या ट्रेलरच्या आतलं तापमान वाढलं. माणसाच्या अंगाएवढं झालं. आता हळूहळू उतरतंय. काका —

पुन्हा दाराची खूण.

धुक्यात चपचप आवाज. ओलं फडकं फरशीवर आपटावं तसा. थांबतो. येतो.
काचेवर माश्या. इतक्या, की बाहेरचं दिसत नाही. एक ओठावर बसली. थुंकले. थुंकतेच आहे. वास घशात उतरलाय, जिभेवर तुपकट —
पोलीस फोन उचलत नाहीत.

पायाशी हीटर आहे. त्याच्यासाठीच येत असणार. प्लग काढला. खिडकी उघडली, सगळी ऊब बाहेर जाऊ दे. बोटं आखडलीत. गार, एकदम गार. आता इथे काही नाही तुझ्यासाठी, जा —

गेली नाही. दाराखालून ते पिवळं येतंय. केस आहेत त्यात.

टेबलाखाली बसलेय. श्वास सोडला तर तोंडातून वाफ येते. वाफ. म्हणजे ऊब अजून आहे. ती माझ्या अंगा—