शनिवारचा ओळंबा

ता. ६ ऑक्टोबर २०२५
बोगद्याचं काम, हिमाचल

शांभे,

आणि वर मलाच म्हणतीस, "अण्णा, लांब बसून हुकूम सोडू नको"! फोन निम्म्यात कट करतीस म्हणून हा कागद. फाडलास तरी आधी वाचशीलच, बहीण कुणाची हायस ते मला ठाऊक हाय.

आव्वाला, अप्पांना नमस्कार. म्हैस व्याली काय? मी बरा हाय. इथं थंडी सुरू झाली. हे माझं सहावं काम, अजून सोडलं न्हाय म्हणून आव्वाला सांग.

आव्वा म्हणाली, सत्तावीस तारखेच्या पाठीच्या ऑपरेशनला तू साफ न्हाय म्हणालीस. "अण्णा दिवाळीला येणार, पाठ दाबणार, चार महिन्यांत सरळ. आधी होतच आलती की!" हे ऐकल्यापासून माझं कामात लक्ष न्हाय.

परवा तुझ्या डॉक्टरांना फोन लावला. विचारलं, "साहेब, सळई वाकवून सोडली की जराशी मागं येती. तुमची पाठीत घालायची येत न्हाय?"

ते हसले. "येते की. तेवढं धरूनच वाकवतो. कुठं शिकलास?"

म्हटलं, सातवी नापास, पण बोगद्यात सळई बांधतो.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवायचे, त्यात दोन सळया, आणि हळूहळू फिरवत बाक काढायचा. पायांना वायरी लावून मशीनवर बघत राहायचं, मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचतोय का. मणक्यांमधी हाडाचा चुरा भरायचा. सालभरात मणके एकजीव झाले की पाठ आपली आपण उभी, सळई नुसती सोबतीला. पूर्ण सरळ होईलच असं न्हाय म्हणाले. धोका न्हाय असंही म्हणाले न्हाईत. मला तो माणूस आवडला.

काल दुपारी जेवून उन्हात सळयांच्या ढिगावर आडवा झालो आणि डोळा लागला. बघतो तर आपला कुरुंदवाडचा घाट. दिवसाउजेडी पाण्यावर द्रोणातले दिवे सोडलेले, एकामागं एक, आणि ती ओळ वळणात अडकून वाकडी झालेली. मी हात घालून ढकललं की आणखी वाकायची. वरच्या पायरीवरनं कुणीतरी म्हणालं, "तू हात काढ." काढला. पाणी आपसूक हललं, दिवे सावकाश ओळीत आले. शेवटच्या दिव्यामागं तू चालत होतीस, पाण्यावरनं, चपला हातात घेऊन. मागं बघितलंसुदिक न्हाईस.

आता ऐक. तू तेरा वर्षांची होतीस तेव्हापासून दोन वर्षं, तालमीत बघितलेलं आठवून, तेल लावून, गुडघा टेकून मी तुझी पाठ दाबायचो. दर शनिवारी मानेपासून गवंड्याचा ओळंबा सोडायचो आणि म्हणायचो, "सरळ झाली बघ, बोटभर सरळ झाली!" तू आरशापुढं जाऊन नाचायचीस.

शांभे, ती एकदाबी सरळ झाली न्हाय. पहिल्यांदा दोरी माकडहाडापासून एक बोट बाजूला होती. मी निघालो तेव्हा तीन बोटं. आव्वा दवाखान्यात न्यायची म्हणाली तर मीच अडवलं, "उतार पडतोय की!" डॉक्टर म्हणाले, तेव्हा आली असती तर कदाचित ऑपरेशनाबिगर, पाठीला पट्टा बांधून भागलं असतं.

पहिलं खोटं तुझं तोंड पडलेलं बघवंना म्हणून बोललो. मग दर शनिवारी बोलावं लागलं. मी कामासाठी घर सोडलं असं सगळ्यांना वाटतंय. मला शनिवार नको झालता.

दिवाळीला येत न्हाय. आलो तर तू पालथी पडून म्हणशील, "दाब की अण्णा," आणि मला न्हाय म्हणवणार न्हाय. तू ऑपरेशनला जा. तू उठून उभी राहिलीस की येतो. तेव्हा ओळंबा आव्वा धरील, आणि जे असंल ते सांगंल. मला शिव्या द्यायच्या त्या उभ्यानंच दे.

तुझा खोटारडा अण्णा,
श्रीशैल

ता. क. स्क्रूंच्या खर्चात घाला म्हणून आव्वाच्या खात्यावर पाठवतोय. दिवाळीचं तिकीट रद्द केलं, त्याचे परत आलेले धरून, अठ्ठावीस हजार एकशे चाळीस रुपये.