धारूरच्या घाटाला चालेल अशी गाडी

प्रिय मन्मथ,

तुला जाऊन आता नऊ महिने होतील. या नऊ महिन्यांत तुला पत्र लिहावे असे मला एकदाही वाटले नाही, हे आधीच मान्य करतो. दुःख नव्हते असे नाही. लिहिण्यासारखे कारण नव्हते, आणि कारणाशिवाय मी काही करत नाही हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक आहे? आता कारण आहे. गेल्या रविवारी आम्ही गाडी घेतली. वापरलेलीच. तुला न विचारता घेतलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली गाडी, म्हणून तिची हकीकत तुला कळवणे मी आवश्यक समजतो.

चौदा वर्षांपूर्वी तू निवडून दिलेली करडी गाडी आता थकली आहे. तुझ्या शेवटच्या दिवाळीत तूच तिच्याखालून बाहेर आलास आणि हात पुसत म्हणालास, "वैजू, हिला गावात फिरव, देवाला ने. लांबचा रस्ता आता दाखवू नको." तो शब्द मी पाळला. पण यंदा दिवाळीनंतर अस्मिताला तेलगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवण्याची नोकरी लागली. तिची पहिली कायम नोकरी. जावई पुण्याला, चार वर्षांची ईरा इथे अंबाजोगाईत आमच्यापाशी. म्हणजे अस्मिताने रोज सकाळी जायचे आणि संध्याकाळी लेकीकडे परत यायचे. बसच्या वेळा तासिकांशी जुळत नाहीत. सुनंदाने मला बाजूला घेऊन सांगितले, "धारूरच्या घाटातून ती रोज एकटी जाणार असेल, तर मला घरी बसून धसका नको. तशी गाडी मिळाली तर ठीक. नाहीतर तिला नोकरीला नाही म्हणू द्या."

हंगामात तो घाट कसा असतो हे तुला मी काय सांगू? दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना लाल फडके, आणि गाण्याचा आवाज मात्र अर्ध्या घाटात. नवी गाडी आवाक्यात नव्हती. थोडक्यात, लेकीची नोकरी मला आवाक्यातल्या एखाद्या जुन्या गाडीवर तोलायची होती, आणि तू नव्हतास.

मग मी माझ्या पद्धतीने तक्ता केला. बत्तीस रकाने झाले. चौदा वर्षांपूर्वी एकोणीसच होते, तरी तू तो कागद उलटसुलट करून विचारले होतेस, "गाडी घ्यायलास का नोकरभरती करायलास बे?"

त्या वेळची परळीची काळी गाडी तुला आठवते का? तक्त्यात ती पहिली आली होती. आपण अंगणात शिरलो. मालक चहा सांगायला आत वळला, तेवढ्यात तू बॉनेटवर तळहात टेकवलास आणि म्हणालास, "चहा राहू द्या. निघतो आमी." मला इतका संकोच वाटला की फाट्यापर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. शेवटी तूच सांगितलेस, "आपन यायच्या आधी गाडी गरम करून ठेवलती त्यानं. गार इंजन सुरू होताना ती काय नखरे करती ते दिसू नये म्हनून. पाव्हन्याला चहा गरम द्यावा, बे. इंजन गरम काहून द्यावं?"

आणि मग ही करडी. तिच्या चाचणीला तू चावी माझ्या हातात दिलीस आणि स्वतः मागच्या बाकावर, बरोबर मध्ये, जिथे कोणी खुशीने बसत नाही तिथे जाऊन बसलास. मी चिडलो. मी तुला गाडी तपासायला आणले होते, सहलीला नव्हे. तू शांतपणे म्हणालास, "माज्या हातात सगळ्याच गाड्या शहान्यासारख्या वागत्यात. तुज्या हातात कशी वागती ते बगू दे. रोज तुलाच चालवायची हाय."

धर्मापुरीच्या रस्त्याला एक लांब वळण आहे. तिथे मी गिअर न बदलता गाडी फिरवली आणि ती इतकी अलगद फिरली की मला हसू आले. आरशात तू माझ्याकडेच पाहत होतास. म्हणालास, "ही घे."

"कशावरून?"

"तू हसलास."

हा निकष होऊ शकत नाही, असे मी तुला सुनावले. त्यावर तू जे बोललास ते मी त्या वेळी मिस्त्रीलोकांची हौस म्हणून सोडून दिले. "मजा येत नसंल तर मानूस गाडीत पेंगतो, वैजू. पेंगला की संपला. मजेची गाडी मानसाला जागं ठेवती. मायलेज मागून बग." त्या गाडीने चौदा वर्षे मला, सुनंदाला, दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना आणि लग्नाच्या शालूतल्या अस्मिताला नेले-आणले. एकदाही कोणाला ओरखडा आला नाही. याबद्दल मी तुझे आभार मानले होते का? मला आठवत नाही, म्हणजे मानले नसणार. ते आता मानतो.

एक तक्रारही आहे. इतके सारे तुझ्या तळहातात आणि कानांत होते, पण त्यातली एक ओळही तू लिहून ठेवली नाहीस. यंदा मला ते सारे आठवून आठवून गोळा करावे लागले. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा, तळाशी चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली. टायर एकाच कडेने झिजले असतील तर विचारायचे, कुठे आपटली होती? तीन आठवडे मी लातूर, परळी, बीड फिरलो. अखेर धारूरमध्ये एका निवृत्त अधिकाऱ्याची पांढरी सेडान सापडली. एकच मालक. अगदी कमी चाललेली. प्रत्येक दुरुस्तीची पावती फायलीत, तीही तारखेच्या क्रमाने. बॉनेटवर हात ठेवला, गार. पट्टे स्वच्छ. बत्तीसपैकी एकतीस रकाने भरले. मी ती केजच्या रस्त्याने चालवून आणली. अस्मिता शेजारी बसून माझ्या तक्त्यावर खुणा करत होती. परत आल्यावर मी विसार देऊन टाकला.

तुझ्याशिवाय जमले, या समाधानात आम्ही पेढे घेऊन तुझ्या गॅरेजवर गेलो. शोभावहिनी आता तिथे बसतात. कारागीर तेच आहेत, शिस्त मात्र वाढली आहे. वहिनींनी पेढा घेतला आणि अस्मिताला विचारले, "कशी वाटली गं चालवायला?"

"मी कुठे चालवली, काकू? बाबांनी चालवली."

"रोज चालवनार कोन?"

"मी."

वहिनींनी पेढा तसाच हातात धरला. "भावजी, गाडी हाय का स्थळ हाय? पोरीला लांबून दाखवली, थोरल्या मानसांनी पसंत केली, विसार दिला, झालं? हल्ली स्थळं सुद्धा असं कोनी ठरवत न्हाई."

कारागीर हसले. अस्मिता हसली नाही, आणि तेवढ्यावरून मला कळायचे ते कळले. तीन आठवड्यांत आम्ही अकरा गाड्या पाहिल्या होत्या. अकराही मीच चालवल्या. आपल्याकडे गाडी पाहायला गेले की चावी आपोआप घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या हातात येते आणि बाकीचे आपोआप दुसऱ्या दाराशी जातात. कोणी ठरवत नाही. मीही ठरवले नव्हते. पण तू मला नेमके उलटे शिकवले होतेस, आणि मी तुझे बॉनेट, पट्टे, टायर हे सगळे लक्षात ठेवून तेवढेच विसरलो.

"आधी का नाही बोललीस?" मी गाडीत तिला विचारले.

"तुम्ही इतकं मनापासून करत होतात, बाबा."

दुसऱ्या दिवशी मी धारूरच्या गृहस्थांना पुन्हा एका फेरीची विनंती केली. त्यांनी आनंदाने चावी दिली. या वेळी अस्मिता चाकामागे बसली. सीट वर उचलायची सोय त्या गाडीत नव्हती, म्हणून ती पुढे सरकून, मान ताणून बसली. क्लच तिच्या पायाला जड होता. घाट लागेपर्यंत ती ईराच्या शाळेतल्या गमती सांगत होती. पहिल्या वळणानंतर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आणि तिचे बोलणे थांबले. रस्ता दोनदा मोकळा मिळाला. दोन्ही वेळा ती निघाली आणि परत मागे आली, कारण त्या गाडीला जोर धरायला फार वेळ लागत होता. मी उजवा पाय पुढच्या फळीवर इतका दाबून धरला होता की घाट संपल्यावर गुडघा सरळ होईना. खाली आल्यावर तिने गाडी कडेला घेतली. म्हणाली, "गाडी चांगली आहे, बाबा. पण हिच्यात बसून मी रोज देवाचं नाव घेत जाईन."

विसार मी सोडून दिला. त्या सज्जनांनी निम्मा परत केला, तो मी घेतला.

माझ्या तक्त्यात अंबाजोगाईतलीच एक लाल, आखूड गाडी होती. तिसऱ्याच रकान्यात मी तिच्यावर काट मारली होती: दुसरा मालक, भरपूर चाललेली, मागचा बंपर चेपलेला. ती वैद्यकीय महाविद्यालयाजवळ राहणाऱ्या एका परिचारिकेची निघाली. बाई रोज त्या गाडीने लातूरला ये-जा करत, आता बदली इथेच झाली म्हणून विकायची होती. बाईंनी चावी माझ्यापुढे धरली. मी अस्मिताकडे बोट केले. "ताई, सकाळी दुसरा गिअर जरा रुसतो," त्या म्हणाल्या, "दोन मिनिटं दम धरा, मग ऐकतो." दोष आपणहून सांगणारा विक्रेता मी प्रथमच पाहिला. तूही फार पाहिले नसतील.

मी मागच्या बाकावर मध्ये जाऊन बसलो. मन्मथ, ती जागा अत्यंत गैरसोयीची आहे. गुडघे कुठे ठेवावेत ते समजत नाही. पण तिथून पाय दाबायला फळी नसते, आणि चालवणाऱ्याचा चेहरा आरशात पुरा दिसतो. तू तिथे का बसायचास, हे समजायला मला चौदा वर्षे लागली.

आडस मागे पडले, धारूर मागे पडले. घाटात पुन्हा ट्रॅक्टर. अस्मिता मला सांगत होती की अकरावीच्या मुलांना ताळेबंद शिकवताना आधी किराणा दुकानाचे उदाहरण घ्यावे की शेतीचे. बोलता बोलता तिने अंतर ठेवले, वळण जाऊ दिले, गिअर खाली घेतला, ट्रॅक्टर मागे टाकला, आणि म्हणाली, "...म्हणून मला वाटतं, शेतीचं." वाक्य तुटले नाही. पुढच्या वळणावर गाडी अशी फिरली की तिने स्टिअरिंगवर हलकेच बोटे वाजवली. मी आरशात पाहत होतो. ती हसत होती की नाही, हे तुला सांगायला नको.

गाडी घेतली. बंपर तुझ्या कारागिरांनी सरळ केला. कुटुंब तिच्यात मावते. सुनंदाचे गुडघे मात्र पुढच्या सीटला लागतात आणि ती ते बोलून दाखवते.

एक गोष्ट राहिली. फेब्रुवारीत तू फोन केला होतास. "वैजू, एक गाडी आलीय दुरुस्तीला, लई मजेची हाय. चल, धरनापर्यंत जाऊन येऊ. तू चालव." मी म्हणालो, कामाचे दिवस आहेत, एप्रिलमध्ये बघू. ते चुकले. यापुढे त्यावर मी काही लिहू शकत नाही.

आज सोमवार, अस्मिताचा पहिला दिवस. ती सातला निघाली. आठ वाजता ती घाटात असेल असा माझा हिशेब होता. मी फोन हातात घेतला, नंबर काढला, आणि फोन पालथा ठेवला. सुनंदा स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. पावणेनऊला अस्मिताचाच फोन आला. "पोचले, बाबा. सहा ट्रॅक्टर लागले."

कसे ओलांडलेस, हे विचारणे माझ्या ओठावर आले होते. "बरं," एवढेच म्हणालो.

तुला वचन देतो: ती गाडीत असताना मी तिला फोन करणार नाही, आणि पोचल्यावर घाटाबद्दल विचारणार नाही. ती आपण होऊन सांगेल तेवढेच ऐकेन. उद्या सकाळी आठ वाजता हे मला आजच्याहून सोपे जाईल असे नाही, पण करीन.

तुझा ऋणी,
वैजनाथ