ठेंगूचा रुसवा

२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल फोनवर मी ट्रॅक्टर बिघडल्याचं सांगत होते आणि तू डॉक्टर काय म्हणाले ते विचारत होतास. शेवटी तुझ्या बायकोने फोन घेतला आणि मी ठणठणीत असल्याची तिची खात्री पटेपर्यंत माझा घसा बसला. जन्मभर इंजिनांच्या संगतीत राहून कान घालवलेस, तेव्हा आता पत्रच बरं.

तर आपला ठेंगू रुसलाय. तुझे मेहुणे गेल्यावर मी त्याला हात लावायला भीत होते. गेल्या वर्षी धीर करून चालवायला शिकले, शेजारच्या सुतारांच्या कुंपणाचा एक खांब पाडला, तोही त्यांनी हसतहसत परत उभा केला. तेव्हापासून ठेंगूचं आणि माझं बरं जमलं होतं. परवा नांगरायला काढला, तर पहिल्या हाकेला सुरू झाला. ओढ्याकडच्या तुकड्यात चार-सहा फेऱ्या मारल्या, आणि मग एखादा म्हातारा बोलता बोलता झोपी जावा तसा आवाज बारीक करत बंद पडला. सेल्फ मारून मारून थकले. इंजिन नुसतं घरघरतं, पेटत नाही. तसाच वावरात सोडून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप सुरू झाला आणि तेवढ्याच फेऱ्यांनी पुन्हा तेच.

आपलं काय ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. या हंगामात माझ्या हातून बटाटे लागले नाहीत, तर जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची आणि तुमच्याकडे राहायला यायचं. शब्द दिलाय, मोडणार नाही. पण जमिनीत ओल आहे तोवर प्रयत्न करू दे. काय करू ते लिही.

घरी सगळ्यांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.

तुझी
आक्का


७ ऑक्टोबर

ती. आक्कास,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी डॉक्टरचं विचारलं यात माझं काही चुकलं नाही. या वयात भर उन्हात नांगर धरणाऱ्या बाईला आधी डॉक्टरच दाखवायला हवा.

आता मुद्द्याचं. डिझेल इंजिन हे साधं जनावर आहे. त्याला हवा लागते आणि डिझेल लागतं, यातलं एक कुठेतरी अडतंय. टाकीखाली नळी आहे, नळीला फिल्टर आहे. फिल्टर काढून बघ, काळा झाला असेल तर नवा घाल. खाली परात ठेव, नाहीतर वर्षभर अंगणाला वास येईल. मग फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू सैल कर. तिथून आधी फेस येईल, मग बुडबुडे, आणि शेवटी नुसतं डिझेल आलं की लगेच आवळ. नळीत हवा शिरली की इंजिनाला उचकी लागते.

याने न भागलं तर माझ्या भरवशावर राहू नकोस. गावातला एखादा मिस्त्री बघ. मी नुसता कान लावून सांगायचो काय बिघडलंय ते. आता कान नाहीत म्हणून तर वर्कशॉप बंद केलं. पत्रातून इंजिन दुरुस्त होत नसतं. खरं सांगू का, ठेंगूनेच तुला इशारा दिलाय असं समज. पुरे झालं, ये इकडे. तुझ्या भावजयीने वरच्या खोलीला तुझ्या आवडीचा फिका हिरवा रंग काढलाय, अजून ओला आहे.

पान्हा उलटा फिरवू नकोस.

तुझा
धाकटा


१४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

पान्हा उलटाच फिरवला. परातीत डिझेल, परातीबाहेर डिझेल, माझ्या केसांत डिझेल. मांजर दोन दिवस माझ्या जवळ फिरकली नाही. पण फिल्टर बदलला. जुना इतका काळा होता की चुलीतून काढल्यासारखा. तू म्हणालास तसाच आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला आणि सेल्फ मारला, तर पठ्ठ्या असा गर्जला की सुतार रंधा टाकून बघायला आले. मी मनातल्या मनात तुझी दृष्ट काढली.

ती जरा लवकरच काढली म्हणायची. परत ओढ्याजवळ गेला, परत आवाज बारीक झाला, परत गप्प. मी नांगराच्या दांडीवर बसून चांगली पाच मिनिटं रडले, कुणी बघत नव्हतं म्हणून. मग वाटलं, निदान डिझेल तरी आहे का बघावं. टाकीचं झाकण फिरवलं, तर त्यातून फुस्स असा लांब आवाज आला. आपल्या मोठ्या काकू दुपारी खुर्चीत टेकताना उसासा टाकायच्या ना, अगदी तसा. डिझेल भरपूर होतं. झाकण लावलं, सहज म्हणून सेल्फ मारला, तर सुरू. काही फेऱ्या मारल्या आणि पुन्हा बंद.

सुतार म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक जण असे ट्रॅक्टर भंगारात घेतो. मी त्यांना चहा पाजला आणि तो विषय परत न काढण्याबद्दल सांगितलं.

आणि तुलाही सांगते. रंग सुंदर असेल, माझ्या भावजयीची निवड मला ठाऊक आहे. पण मी तुला इंजिनाचं विचारलं होतं, मी कुठे राहावं ते नव्हे. हरले तर येईन, आणि हसत येईन. आधीच हरल्यासारखं लिहू नकोस. तू चौदा वर्षांचा असताना बंद घड्याळापासून उसाच्या चरकापर्यंत काही सोडत नव्हतास. तो मुलगा कान गेल्याने कुठे जातो?

तुझी
आक्का


१८ ऑक्टोबर

ती. आक्कास,

सा. न.

झाकण. टाकीचं झाकण.

त्यात एक बारीक भोक असतं. डिझेल खाली गेलं की तिथून हवा आत यायला हवी. भोक बुजलं तर टाकी आतून हवेला भुकेली होते आणि डिझेल सोडत नाही. बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी ओढलं की थोड्या वेळाने येईनासं होतं, तसं. इंजिन बंद ठेवलं की कुठूनतरी हळूहळू हवा शिरते, म्हणून तुझा ठेंगू सकाळी शहाण्यासारखा सुरू व्हायचा. तू झाकण उघडलंस तेव्हा तो उसासा आत शिरणाऱ्या हवेचा होता.

झाकण काढ, उजेडाला धर, सुईने भोक मोकळं कर. आजच कर. बाकीचं मागाहून लिहितो, टपालवाला दारात उभा आहे.

तुझा
धाकटा


२६ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक अनेक आशीर्वाद.

भोकात काय होतं सांग बघू. चिखल. कुंभारीण माशीने पावसाळ्यात तिथे घर बांधायला घेतलं होतं. अख्खं झाकण सोडून नेमकी तीच जागा तिला पसंत पडली. सुईने टोकरलं, फुंकर मारली, पलीकडचं आभाळ दिसलं.

मग मी ठेंगूला ओढ्याकडे नेलं. जिथे तो बंद पडायचा ती जागा आली तेव्हा मी कान टवकारले. ती जागा गेली. पुढची फेरी झाली, त्यापुढची झाली. मी मोठ्याने गात होते, आणि माझा आवाज कसा आहे ते तुला ठाऊक आहे. ठेंगूच्या आवाजात तो बुडाला म्हणून गाव वाचलं. संध्याकाळपर्यंत सगळा तुकडा नांगरून झाला. चार दिवसांत सऱ्या पाडल्या आणि काल शेवटचा बटाटा मातीत गेला. कमरेचा काटा ढिला झालाय, हात काळे आहेत, आणि मी इतकी खूश आहे की रात्री जेवायचं विसरले.

म्हणजे मी येत नाही. हिरव्या खोलीत पाहुणी म्हणून येईन, आठवडाभर राहीन, भावजयीच्या हातचं खाईन आणि परत येईन. रागावू नकोस.

एक अडचण मात्र झालीय. सुतारांनी गावभर सांगितलं की माझा भाऊ पत्रावरून इंजिन दुरुस्त करतो. आज सकाळी अंगणात एक पाण्याचा पंप, एक पिठाची गिरणी आणि एक मोटारसायकल येऊन पडली आहे. त्यांचे मालक ओट्यावर बसून तुझ्या पत्राची वाट बघताहेत. मी एकेकाचा आवाज ऐकलाय. पंप दमेकऱ्यासारखा खोकतो. गिरणीला आत कुठेतरी डबीतला खडा वाजवल्यासारखं होतं. मोटारसायकलचं पुढच्या कागदावर सविस्तर लिहिलंय. काय सांगू यांना?

तुझी
आक्का


३१ ऑक्टोबर

ती. वन्संना,

सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. वर्कशॉपला कुलूप लागल्यापासून ह्यांनी हत्यारांची पेटी उघडली नव्हती. कोणी दुरुस्तीला काही आणलं तर खिडकीतूनच हात हलवून परत पाठवायचे. मी पुष्कळ समजावलं. मी बोलले की ह्यांना ऐकू यायचं नाही, आणि आलं तरी यायचं नाही.

तुमचं ते फुस्स लिहिलेलं पत्र जेवताना आलं. वाचता वाचता घास हातातच राहिला. मग हे हसायला लागले, वर्षभरात हसले नव्हते तसे. म्हणाले, आक्काने लिहिलं आणि मला ऐकू आलं. उष्ट्या हाताने उठून टपालवाल्याला थांबवायला धावले.

कालच्या तुमच्या पत्रानंतर तर विचारू नका. पंपाचा खोकला तीनदा वाचून घेतला. सकाळपासून पेटी उघडून एकेक पान्हा तेलाने पुसताहेत. गुरुवारी आम्ही तिकडे निघतोय. दोन दिवसांसाठी, असं ह्यांचं म्हणणं. इंजिनं तुम्ही ऐकायची आणि दुरुस्त ह्यांनी करायची, असं परस्पर ठरवूनही झालंय.

तेव्हा तुमच्या पडवीत एक दणकट टेबल रिकामं करून ठेवा. ह्यांनी वर्कशॉपमधली दोन माणसांनाही न उचलवणारी, टेबलावर ठोकून बसवायची ती लोखंडी पकड बांधून घेतलीय. दोन दिवसांसाठी ती कशाला, असं मी विचारलं, तर ऐकू आलं नाही म्हणाले.

मीही हिरव्या रंगाचा उरलेला डबा बरोबर घेतेय. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
भावजय