गूळ देऊन मागितलेलं नाव

कारमार्थन, वेल्स
१२ जानेवारी २०२५

ती. आबांस,
शॅरनचा प्रभूच्या नावात सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर तुम्ही नुसता अंगठा पाठवता, म्हणून सविस्तर पत्र. बाळ सुखरूप आहे. नाक तुमचं घेतलंय, बिचारीचं नशीब!

त्या दिवशी इतका बर्फ पडला की अँब्युलन्स चढावर येईना. तुमचे जावई नोहा कामावर अडकलेले. शेजारचे ग्विन, वय अठ्ठ्याहत्तर, आपली जुनी व्हॅन घेऊन दारात उभे राहिले. मला दवाखान्यात पोचवलं आणि बाळाचं रडणं कानी पडेपर्यंत बाहेरच्या बाकावर सहा तास बसून होते. आबा, ते नसते तर आज आम्ही दोघी नसतो.

म्हणून बाळाचं नाव ग्विन ठेवायचं आम्ही ठरवलंय. पहिल्या नातीला आईचं नाव द्यायचं, हे तिच्या शेवटच्या दिवसांत मीच कबूल केलं होतं, ते विसरले नाही. पण ह्या माणसाचे उपकार कसे मानू? घरच्या बायबलात तुम्ही नाव लिहिल्याशिवाय बाप्तिस्मा नाही, ही रीतही मला मोडायची नाही. रागवा, पण लिहा.

तुमच्या मायेची हक्कदार (आणि जरा घाबरलेली)
शॅरन


सोनई
२७ जानेवारी २०२५

चि. शॅरनला अनेक आशीर्वाद.

अगं, घोटाळा झालाय. मुलगी झाली एवढा नोहाचा निरोप आला आणि मी तुझ्या पत्राची वाट न बघता शाईच्या पेनानं 'दया' लिहून मोकळा झालो. शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्याही, मास्तर, पोरीला इचारा तरी, लई घाई करताय. ऐकतो कोण! माझ्या पणजोबांपासून त्या पानावर एक खाडाखोड नाही. आता तुझ्या आईच्या नावावर मला काट मारवत नाही गं.

पण खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. जिवंत माणसाचं नाव घ्यायचं तर आपल्या घरात गूळ घेऊन त्याच्या दारी जातात आणि नाव मागतात. तुझ्या जन्माच्या वेळी कोपरगावच्या दवाखान्यात ज्या शॅरन सिस्टर होत्या, त्यांच्याकडे मी आणि तुझी आई असेच गेलो होतो. तू ग्विनरावांना विचारलंस का? त्यांनी माझी लेक मला परत दिली. ते म्हणतील तसं करीन, काट मारावी लागली तरी.

नातीचा मुका घे.
तुझा उतावळा बाप
यशया


कारमार्थन
१० फेब्रुवारी २०२५

ती. आबांस सलाम, वि. वि.

गुळाची ढेप बघून ग्विनआजोबांनी आधी विचारलं, हा साबण का? मग मी सगळं सांगितलं, तुमच्या शाईसकट. ते उठून आत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. त्यांना मूलबाळ नाही. इतक्या वर्षांत त्यांचं नाव कुणी मागितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर हसून म्हणाले, ग्विन बाप्यांचं नाव, मुलीचं असतं ग्वेन. ग्वेन त्यांची आई, तिच्यावरूनच हे ग्विन. टपालवाला एक लिहितो, दवाखाना दुसरंच, ते सगळ्यांना ओ देतात. आमच्या यशया मास्तरांचं रेशनकार्डावर ईसाया झालंय म्हटल्यावर केवढे हसले!

मग त्यांनी आईचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाहिलं. म्हणाले, तुझ्या आईच्या नावावर काट मारायची नाही. शेजारी जागा असली तर माझ्या आईला बसू दे. आबा, आहे का जागा?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून
शॅरन


सोनई
२४ फेब्रुवारी २०२५

चि. शॅरनला आशीर्वाद.

जागा आहे! घाईत लिहिलं तरी मास्तराचा हात, पुढं दोन बोटं मोकळी सोडली होती. आज पाळकसाहेबांसमोर 'दया ग्वेन' पुरं केलं आणि पोटभर रडलो. झुंबरबाईंना ग्वेन म्हणता येत नाही, त्या गेनू म्हणतात. गेनू तर आपल्याकडं बाप्याचं नाव! ग्विनरावांना सांग, हसतील.

बाळाच्या नावाखाली दोन्ही आजोबांची नावं लिहायची रीत तुला ठाऊकच आहे. एका ओळीवर माझं लिहिलं. नोहाचे वडील तो लहान असतानाच गेले, त्यांचं नाव त्याला विचारून त्याच ओळीवर माझ्याशेजारी घेतलं. खालची ओळ कोरी ठेवलीय.

तेव्हा माझ्या वतीनं पुन्हा गूळ घेऊन ग्विनरावांच्या दारी जा. त्या कोऱ्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं तर चालेल का, एवढं विचार. ह्या वेळी उत्तर आल्याशिवाय पेनाचं टोपण काढणार नाही.

लोभ तिघांवर होता, आता चौघांवर.
आबा