तात्यांच्या खोलीची पाटी

३ डिसेंबर १९९४
इंदापूरहून सामान आलं. बारामतीतली नवी शाळा बरी, खोली फसवी. स्टँडजवळच्या चहावाल्याकडची पाटी : 'दोन खोल्या, स्वतंत्र संडास, चोवीस तास पाणी.' मालक तात्यांनी खोल्या दाखवल्या, मागं नेलंच नाही. संडास गोठ्यापलीकडं, चार घरांत एक. पाणी सकाळी तासभर. मूर्ख मी.
विचारलं तर म्हणे, "आत एकट्याच जाता न्हवं? मग सोतंत्रच की!"

१० डिसें.
आई काठी टेकत संडासला गेली, गोठ्याजवळच्या चिखलात पडली. कंबर आधीच मोडून जोडलेली. तात्यांच्या घरात संडास आहे, आत, कुलपात. माणूस आहे का कोण!

१२ डिसें.
आईनं दुपारनंतर पाणी पिणं सोडलंय. म्हणते तहान नाही. खोटं.
दुसरी खोली शोधतेय. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय, गावात एक खोली रिकामी नाही.

१४ डिसें.
शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. तात्या पाटी आणि खडू घेऊन हजर. "बाई, तुमचं अक्षर लई झ्याक. लिवा पयल्यासारखं." लिहिलं : 'दोन खोल्या. संडास गोठ्यामागं, चार घरांत एक. पाणी सकाळी तासभर.' चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही. "झ्याक!" म्हणत स्वतःच नेऊन टांगली. आज जेवण गोड लागलं.

१८ डिसें.
चार दिवस कुणी फिरकलं नाही. शेवटी चहावाल्यानं पाटी वाचून दाखवली. तात्या अंगणात ओरडत आले, "माझ्याच घरात ऱ्हाऊन माझी अब्रू काढता व्हय? उद्याच्या उद्या खोली रिकामी करा!" मीही ऐकवलं. आई आत रडत होती.
दिवे लागायच्या वेळी परत आले. आवाज खाली. आईच्या खाटेवर किल्ली ठेवली, त्यांच्या घरातल्या संडासाची. "आईंनी आमचा वापरावा. तेवढी पाटी नीट लिवा, बाई."
नालायक. बरोबर दुखतं तिथं हात घातला.

१९ डिसें.
आई दुपारी तांब्याभर पाणी प्यायली. किती दिवसांनी.
पाटी पुसून समोर ठेवलीय. 'दोन खोल्या' एवढं लिहून हात थांबला. उद्या सांगवीचं जोडपं बघायला येणार, बायको सातव्या महिन्यात आहे म्हणे.
आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "लिही की गं. अक्षर तुझं, बोलणं तर त्यांचंच हाय."
किल्ली तिच्या मुठीत.