सामानापाशी कोण बसणार?

१ जून, रविवार
या उन्हाळ्याचा संकल्प एकच. चारुतासोबत समुद्रात उतरायचं. गळ्यापर्यंत. गेली दोन वर्षं ती पाण्यातून हाक मारते आणि मी किनाऱ्यावरून हात हलवतो. लेक आठ वर्षांची झाली. आज नाश्त्याला तिने विचारलं, बाबा, या वर्षी पाण्यात येशील ना? चक्क मराठीत. एरवी आपण मराठीत विचारावं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यावं, अशी घरची पद्धत आहे. मी भारावून प्रॉमिस देऊन टाकलं. अवघड काहीच नाही. आमचं मूळ गाव गुहागर, समुद्र रक्तातच आहे. मी वाढलो सिंहगड रोडला, पण त्याने रक्त बदलत नाही.

३ जून, मंगळवार, सकाळी ६.४०
ट्रेनिंग सुरू. रोज पाच मिनिटं थंड पाण्याचा शॉवर. इथलं नळाचं पाणी थंड नसतं, हिंस्र असतं. सुरुवात पायांपासून करावी असं शास्त्र सांगतं. आज पाय झाले.

४ जून
सर्दी. ट्रेनिंग स्थगित.

१४ जून, शनिवार
योगिनीचं शनिवारी क्लिनिक असतं, त्यामुळे बाप-लेक दोघंच मेट्रोने हूक व्हान हॉलंडच्या किनाऱ्यावर. हवा १९, पाणी १६, वारा वेगळा. वाऱ्यासाठी कापडी आडोसा आणला होता, चार काठ्यांचा. चौथी काठी रोवली की पहिली उपटून यायची. शेवटी आडोसा अंगाभोवती गुंडाळून बसलो. हेतू तोच, वारा लागू नये. आजूबाजूचे डच लोक चड्डीवर उताणे पडलेले, यांना नागपूरला नेलं तर काय करतील कोण जाणे.

चारुताच्या वर्गातली फेना भेटली, सोबत तिचा बाबा योस्ट. हा माणूस बुटात किल्ल्या, बुटावर फोन, फोनवर टॉवेल ठेवून सरळ पाण्यात पळाला. दोन्ही मुली त्याच्या मागे. चारुताने वळून विचारलं, येतोस? मी बॅगेकडे बोट दाखवलं. सामानापाशी कुणीतरी बसायला हवं. योस्टच्याही सामानाकडे मीच लक्ष ठेवलं. त्याने सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

१५ जून
योगिनीने विचारलं, बॅगेत एवढं होतं काय. दोन टॉवेल, थर्मास, बटाट्याच्या भाजीचे पोळीचे रोल. मी म्हटलं, प्रश्न किमतीचा नाही, तत्त्वाचा आहे. आम्ही लहानपणी अलिबागला जायचो तेव्हा उल्हासकाका सामानापाशी बसायचे. दरवर्षी. काकांचे पाय ओले झालेले मी कधी पाहिले नाहीत. आज सगळी भावंडं जमली की अलिबागच्या आठवणी निघतात, त्यात काका कुठेच नसतात. योगिनी म्हणाली, तेच म्हणतेय मी. तिला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही.

६ जुलै, रविवार
मार्ग सापडला. वेटसूट! थंडी हा प्रॉब्लेमच राहणार नाही. साइज एम मागवला, कारण मुळात मी एम आहे.

९ जुलै
सूट आला. कमरेपर्यंत सहज. तिथून पुढे योगिनीने एक बाही ओढली, चारुताने दुसरी. चेन बंद होईना. मग काढता येईना. अर्धा तास हॉलमध्ये आडवा होतो. चारुताला हसून हसून उचकी लागली. मुलीसोबत क्वालिटी टाइम झाला असं म्हणायला हरकत नाही. सूट परत पाठवला. हे डच साइझिंग जरा फसवंच असतं.

१९ जुलै, शनिवार
हवा २४, पाणी १८. वारा नाही. म्हणजे माझ्या बाजूने काहीच नाही.

तरी उतरलो. घोट्यापर्यंत. चारुताचा हात धरून तिला आपली पद्धत दाखवली. हलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. लाट मागे जाते तेव्हा टाचांखालून वाळू सरकते, गुदगुल्या होतात. माझा बाबा मला असंच उभं करायचा. दोन लाटा झाल्या. मला खरंच छान वाटत होतं. तिसऱ्या लाटेनंतर तिने डचमध्ये विचारलं, मग आता?

याच्या पुढे आमच्याकडे काही नव्हतं. आम्ही एवढंच करायचो आणि भेळ खायला जायचो.

ती माझ्यासाठी अजून एक लाट थांबली. मग हात सोडून आत पळाली. मीही गेलो. गुडघ्यापर्यंत नक्की. तेवढ्यात एक लाट अचानक कमरेवर आली आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. बराच मोठा असावा, कारण एक आजीबाई ठीक आहात ना विचारायला आल्या. बॅग बघून येतो म्हणून परत फिरलो. बघतो तर सीगलने रोल पळवलेला! चारुताला बोलावून रिकामा फॉइल दाखवला. सामान सोडलं की काय होतं बघ. तिने फॉइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओके बाबा म्हणाली.

२ ऑगस्ट, शनिवार
चारुता फेनाच्या घरच्यांसोबत समुद्रावर जाऊन आली. मी विचारलं, सामानापाशी कोण बसलं होतं? तिला प्रश्नच कळेना. इंग्लिशमध्ये विचारला. कुणीच नाही, म्हणाली. योस्ट मुलींना खांद्यावर घेतो आणि लाटेत फेकतो. कसं, ते तिने सोफ्यावरच्या उश्या फेकून दाखवलं. सगळ्या उश्या. थांबेचना.

वाईट वाटलं. इथे कुणी वाचायला नाही म्हणून लिहितो, खूप वाईट वाटलं.

नवा संकल्प. पुढच्या वेळी तिने येतोस का विचारलं की उठायचं आणि धावत सुटायचं. बॅग गेली तर गेली.

३० ऑगस्ट, शनिवार, परतीच्या मेट्रोत
सुट्टीतला शेवटचा शनिवार. घरूनच पँटच्या आत स्विमिंग शॉर्ट्स घालून निघालो. कुणाला बोललो नाही. सरप्राइज.

किनाऱ्यावर पोचल्यावर चारुताने माझी घडीची खुर्ची स्वतः उघडली. आडोसा स्वतः उभा केला, चारही काठ्या, एकही हलली नाही. योस्टने शिकवलं म्हणे. माझं जॅकेट खुर्चीच्या पाठीला, थर्मास हाताशी, बॅग पायाशी, रोल टॉवेलखाली. स्वतःचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, इथे तुला अजिबात थंडी वाजणार नाही. आणि पळाली.

मी पँटचं बटण काढून तयार बसलो. आता वळेल, मग वळेल. एकदा पाणी प्यायला आली. एकदा शिंपला दाखवायला आली, तेव्हा तर मी अर्धा उठलोही होतो. ती म्हणाली, बस बस, आणि शिंपला माझ्या मांडीवर ठेवून गेली. सहा वाजले तरी तिने विचारलं नाही.

आता माझ्या खांद्यावर झोपली आहे. ओल्या केसांनी माझं जॅकेट भिजलंय. झोपण्याआधी शब्द शोधत शोधत, मुद्दाम मराठीत म्हणाली, बाबा, तू सामान खूप छान सांभाळतोस.

मी थँक यू म्हटलं.