रोमला जायचे दहा तास

३ मे
वेनेराचा फोन! अडीच वर्षांनी! नातीचं, फ्लामिनियाचं, चर्चमधलं पहिलं कम्युनियन आहे बारा तारखेला. "आई, रोमला येशील ना?" एवढंच. मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

४ मे
ओराझिओ भावजी आले. "वहिनी, विमानानं तासाभरात रोम. त्यात विचार कसला?"
विमान! आमच्या ह्यांना, सारोंना, पुरलं त्या दिवशी एत्ना ज्वालामुखीने राख ओकली, विमानतळ बंद. वेनेरा पोचली तोवर कबरीवरची फुलं मलूल झाली होती. मी चारचौघांत म्हणाले, "इथं वाढलीस, आणि डोंगर धुमसताना विमानाचं तिकीट काढलंस? आगगाडीनं यायचं सुचलं नाही?" ती काही बोलली नाही. मग बोललीच नाही.

५ मे
शेजारची आल्फिया म्हणते, बसने जा. "पाय सुजतात, पण बायका भेटतात. गप्पांत रोम येतं."
मला गप्पा नकोत.

७ मे
खरं काय ते फक्त इथे लिहिते. सारो अकरा दिवस दवाखान्यात होते. मी वेनेराला कळवलं नाही. तिला नुकतीच नोकरी लागली होती. वाटलं, बरे होतील, उगाच कशाला पोरीला घोर? बाराव्या दिवशी फोन केला तो ते गेल्याचाच. आणि खापर फोडलं तिच्यावर.
हे तिला सांगायचंय. तासाभरात पोचले तर धीर गोळा व्हायचा नाही. गाडीचं तिकीट काढलं.
भावजी म्हणाले, "दहा तास! मग पायीच जा की, पुण्य तरी लागेल!"

१० मे, गाडीत
मेस्सिनाला समुद्र ओलांडायला गाडीचे डबे सोडवून बोटीत चढवले. नेहमीसारखे सगळे वर डेकवर. मीही गेले. सारो गेल्यापासून सामुद्रधुनी ओलांडली नव्हती. गरम अरांचीनो, भाताचा तळलेला गोळा, हातात घेऊन उभी होते, तर शेजारचे म्हातारबाबा विचारतात, "रोमला कोण?"
"मुलगी."
"मग तोंड असं का? न्यायला पोलीस येणार आहेत की काय!"
हसू आलं. भूकही लागली.
पुढे पुस्तक उघडलं. पाचवीत शाळा सुटली, तेव्हापासून अडलं की मी पुस्तकच उघडते. आज एक ओळ डोक्यात शिरेना. वाक्यं जुळवत राहिले.

११ मे
काल स्टेशनवर तिने घट्ट मिठी मारली. जुळवलेलं सगळं विसरले. आजही जमलं नाही.

१२ मे
जेवणावळ उरकल्यावर भांडी पुसता पुसता सांगून टाकलं. ती पुसतच राहिली.
"माहीत आहे, आई. तू जिन्यात रडायला गेलीस की बाबा मला फोन करायचे. रोज. म्हणायचे, तिला वाटू दे तुला काही ठाऊक नाही, तिला तेवढाच आधार. मी वचन दिलं होतं, म्हणून तेव्हा गप्प बसले. आमचा निरोप घेऊन झाला होता."
अकरा दिवस! मी जिन्यात रडत होते, आणि आत बाप-लेक बोलत होते. देवा, किती बरं झालं!